हेमाच्या नावाची आंघोळ

शेफे, त्यो लॅपटाप घेतलास का मांडीवर? घे. आन मी बोलते तसंच लिही, तुझं कालेजातलं मराठी मधी घालू नको. मला लिहायला येत न्हाई, जल्मभर अंगठाच मारला, पन मी काय बोलले त्ये माझ्या ध्यानात ऱ्हातं. शेवटाला वाचून दाखवशील तवा एक शब्द जरी फिरवला असशील तरी मी धरीन तुला.

हे तुझ्या हेमाआत्याचं हाय. तिला मी एक खोटं बोलले. कोचीला, दर्याच्या कडंला. एकच शब्द बोलले, "न्हाई" म्हनले. तू तवा सव्वा वर्साची व्हतीस, म्हंजे बघ किती वर्सं झाली. फोनवर सांगायला जाते आन "जेवलीस का, तिकडं पाऊस हाय का" येवढंच इचारून फोन ठिवते. म्हनून तू लिही आन तिला धाड.

हेमा झाली तवा मुंढवा गाव व्हतं. आता जिथं तुमची ती काचंची कंपनी हाय ना, तिथं म्हशींच्या चाऱ्याचं आमचं कडवळ असायचं. आमच्या मालकांच्या आठ म्हशी. सकाळी राजदूत फटफटीला दोन्ही अंगाला किटल्या अडकवायच्या आन पुन्याच्या पेठांमधी रतीब घालायचा. हेमा चार-पाच वर्साची झाली तशी तिला मालक पुढं टाकीवर बसवून न्यायला लागले. मी म्हनायचे, "अहो, पोरीची जात, थंडीचं कुठं नेताय?" तर म्हनायचे, "ती पाट्या वाचती. मला करमतं." मालक शाळंत गेलेले नव्हते. नंबर वळखायचे तेवढंच.

एक दिस सदाशिव पेठेत एका दारावरची पाटी हिनं वाचली, "दूधवाल्याने घंटा एकदाच वाजवावी." मालक सहा वर्सं तिथं तीन-तीनदा वाजवत व्हते. घरी येऊन पोट धरून हसले. "आगं सोजर, म्हनून त्या बाई माझ्यावर येवढ्या उखडायच्या! मला वाटलं दुधात पानी सापडलं."

तवापास्नं त्येंच्या डोक्यात बसलं, पोरीला शिकवायची. तुझा बाप बद्री धाकटा, त्येचं ध्यान शाळंत कवाच नव्हतं. हेमाचं व्हतं. बारावी झाली, कालेज झालं, आन मंग त्या कंपूटरचं याड आलं पुन्यात. सदाशिव पेठेतच क्लास व्हता, जिन्यानं वर जायचं. पयल्या दिशी मालक तिला घेऊन गेले आन तीन तास खालच्या पायरीवर बसून ऱ्हायले. वाड्यातलं एक म्हातारं बाहीर आलं. त्येनं वळखलं ह्येंना.

"दूध सकाळी येऊन गेलं. आता काय, दही लागायची वाट बघताय?"

"न्हाई जी. लेक वर हाय. कंपूटर शिकती."

"अस्सं. मग बसा. पण दारातून सरकून बसा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध नकोय."

मालकांना त्येचा राग आला न्हाई. घरी येऊन सगळ्या आळीला सांगितलं, जसं काय त्या म्हाताऱ्यानं हार घातला व्हता.

नोकरी लागली तवा हेमाला न्यायला कंपनीची बस फाटकापातूर यायची. आळीतल्या बाया भांडी घासायच्या थांबून बघायच्या. मालक उगंच त्या टायमाला म्हशी धुवायला काढायचे, म्हंजे डायवर हाक मारंल, "काका, मॅडमना सांगा, बस आली." मॅडम म्हनलेलं ऐकायचं व्हतं त्येंना.

येवढं लांबन लावलं त्ये उगं न्हाई. मानसानं किती जीव लावला त्ये कळल्याबिगर पुढं काय केलं त्ये कळायचं न्हाई.

कंपनीतच बिजू व्हता. केरळचा. दोघांनी कोर्टात जाऊन लगीन केलं आन त्याच दिशी दुपारी फाटकात येऊन उभी ऱ्हायली. हेमाच्या गळ्यात हार तसाच. ती हट्टी, बापावर गेलेली. तिला वाटलं, आबा रागावतील, आठ दिस बोलायचे न्हाईत, मंग बोलतील.

मालक हौदापाशी म्हशीला पानी दाखवत व्हते. त्येंनी बघितलं. बादली हौदात बुडवली आन अंगावरच्या कापडासकट डोक्यावर वतून घेतली. एक, दोन, तीन. मंग बद्रीकडं बादली केली. बद्रीनं घेतली. मंग माझ्याकडं.

तुला कळंल का गं ह्ये? मानूस मेल्यावर त्येच्या नावानं आंघोळ करत्यात. जित्या मानसाच्या नावानं केली की त्ये आपल्याला मेलं. मंग त्येचं नाव घ्यायचं न्हाई, आपल्यात मरन-धरन झालं तरी त्येला सुतक न्हाई, सांगावा न्हाई. आमच्याकडची रीत.

मी तांब्याभर घेतलं. बादली न्हाई, तांब्या. मनात म्हनले, तांब्याभरच घेतलंय, म्हंजे पुरती आंघोळ न्हाई झाली. अशी मी स्वोताला फसवायला पयल्यापास्नं हुशार. पन फाटकातनं हेमाला काय तांब्या आन बादली येगळं दिसलं असंल? तिनं हार काढला, फाटकाच्या खिट्टीला अडकवला आन गेली. पुढं दोघं कोचीला गेली येवढं कानावर आलं. बास.

नऊ वर्सं ह्या घरात तिचं नाव निघालं न्हाई. ती गेली त्याच साली मालकांनी म्हशी इकून टाकल्या. पुढं जमिनीवर बिल्डिंगी झाल्या, बद्रीनं शिमिटाचं दुकान टाकलं. मालक दुकानाच्या बाहीर खुर्ची टाकून बसायचे. समोर नवी पाटी लागली की येनाऱ्या-जानाऱ्याला इचारायचे, "काय लिहिलंय रं?" येवढंच.

मंग त्येंच्या छातीत पानी झालं. दवाखान्यानं घरी न्या म्हनलं. अकरा दिस पडून व्हते. नवव्या दिशी दुपारी मी एकलीच त्येंच्यापाशी. बद्री दुकानात, तुझी आई नम्रता तुला न्हाऊ घालत व्हती. मी पेज भरवीत व्हते. त्येंनी चमचा हातानं बाजूला केला आन म्हनले, "हेमीला सांगा. म्हनावं ये."

शेफे, मी ऐकलं. चांगलं साफ ऐकलं. आन म्हनले, "बरं, बघू. आदी पेज घ्या." चमचा परत पुढं केला.

का म्हनून इचारशील तर मला एकच सांगता येतंय. लेकीला बोलवायचं म्हंजे मानूस चाललं असं कबूल करायचं. मला त्ये करायचं नव्हतं. आन थोडी बद्रीची भीती. आन थोडी भावकीची. म्हनलं, उतार पडू दे, मंग निवांत काढू इषय. घरात दोन मोबाईल व्हते गं. नम्रताला नुसतं हाक मारायची व्हती.

अकराव्या दिशी गेले.

बद्रीला कुनीतरी इचारलं, "ताईला कळवलं का?" तर बद्री म्हनला, "आबांनी तिच्या नावानं आंघोळ केलीय. तिला कसलं सुतक?" मी तिथंच बसलेले, पदर तोंडाला लावून. मी बोलले असते तर पोरगं माझ्यावर हात उगारनार व्हतं का? न्हाई. पन मी बोलले न्हाई.

आता जहाजाचं. सात म्हैन्यांनी शिमिटाच्या कंपनीनं दुकानदारांना बक्षीस म्हनून जहाजाची सहल दिली. मुंबईला बसायचं, कोचीपातूर जायचं आन माघारी. दोन मानसं. नम्रता म्हनली, "मला सासवडच्या गाडीत उलट्या होतात, मी नाही जायची. आईंना न्या." बद्री कुरकुरला, पन जागा फुकट कशाला घालवायची म्हनून कबूल झाला.

निघायच्या आदल्या सांजंला मी दशम्या बांधत व्हते. नम्रतानं दार लोटून घेतलं. म्हनली, "आई, मला गाडीबिडी काही लागत नाही. कोचीला जहाज सहा तास थांबतंय. हेमाताईशी मी बोललेय. कंप्युटरवर शोधून काढली तिला."

माझ्या हातातली दशमी खाली पडली.

"तिथं मासे धरायची मोठी जाळी आहेत. बस तिथंच थांबते. ती येऊन उभी राहील. आबांचं मी काही सांगितलेलं नाही. ते तुमच्या तोंडून कळू दे. सांगाल ना?"

"सांगीन की," मी म्हनले.

मी पेटीतनं खनाचं कापड काढलं, तांदूळ बांधले, नारळ घेतला. लेकीची वटी भरायची म्हनून. मी स्वोता भरू शकत नव्हते, माझं कपाळ गेलेलं. पन सवाशीन कुनी ना कुनी मिळंल म्हनलं. मुंबईला जहाजावर चढताना त्येंच्या मशीनमधनं पिशवी गेली आन शिपायानं नारळ वर धरला. माझ्या मागं लोनी काळभोरच्या दुकानदाराची बायको व्हती, द्वारका. माझ्या माहेराकडची. ती सगळ्या लायनीला ऐकू जाईल अशी वरडली, "सोजरआक्का, कोचीला नारळ घेऊन चाललाय? मंग नाशिकला द्राक्षं बी न्या!" सगळे शिमिटवाले निळ्या टोप्या घालून हसले. मी पन हसले.

जहाज म्हंजे आडवी पाडलेली सात मजली बिल्डिंग. खाली नाच, वर पवायचा हौद. मला त्येचं काय? मी खुर्चीवर बसून पानी बघायचे आन मनात पाठ करायचे. "हेमा, तुझं आबा गेले." न्हाई, असं एकदम नको. "हेमा, आबांना बरं नव्हतं." असं सुरू करू. दोन दिस त्येच केलं.

कोचीला उतरलो तर उकाडा असा, जसं काय कुनी वलं फडकं तोंडावर टाकलंय. बस एका पुलावरनं गेली. झाडं येवढी मोठी की रस्त्यावर ऊनच न्हाई. एका गल्लीत सुंठीचा वास, पुढच्या गल्लीत खोबरेल तापल्याचा, केळ्याचे काप तळत व्हते. बायांच्या केसांना तेल, अंगावर पांढरी लुगडी. आन मंग ती जाळी. बांबूची, झाडायेवढी. दहा-बारा मानसं दोर वढून जाळं वर काढायची, आन त्यात बघावं तर मूठभर मासळी. पान्यात हिरवी जलपर्णी तरंगत व्हती, आपल्या मुळामुठंत असती तीच. मला बरं वाटलं, वळखीचं कायतरी दिसलं.

गाईड म्हनला, दोनला बस सुटंल. बद्री आन दोन दुकानदार रिक्षा करून ताडी प्यायला गेले, मला म्हनला, "आई, द्वारकामावशीबरोबर राहा." द्वारकाला काजू आन मसाला घ्यायचा व्हता. मी म्हनले, "माझं गुडघं दुखत्यात, मी हितंच बसते." ती गेली.

मी पदर कपाळावर खाली वढला. हेमाला बघितल्या बघितल्या कळू नये म्हनून. आदी दोन शब्द बोलावं, मंग सांगावं.

हेमा स्कूटरवर आली. सलवार-कमीज, वढनी, केस आखूड कापलेले. अंगानं भरली व्हती. दुरूनच "आई" म्हनून हाक मारली आन मी उठून उभी ऱ्हायले. तेवढ्यात दर्यावरनं वारा आला आन माझा पदर मागं पडला.

ती दोन हातांवर येऊन थांबली. हात पुढं केलेला तसाच ऱ्हायला. माझ्या कपाळाकडं बघितलं, मंग हाताकडं. बांगड्या नव्हत्या.

"कधी?"

मी पाठ केलेलं सगळं इसरले. "श्रावनात."

"श्रावणात." तिनं बोटं न्हाई मोजली, पन डोळ्यांत मोजलेलं दिसलं. "सात महिने झाले. आणि मला कुणी..." तिचं तिलाच उत्तर ठाऊक व्हतं.

आम्ही दोघी तिथं कट्ट्यावर बसलो. जाळं वर गेलं, खाली आलं. मी म्हनले, "छातीत पानी झालं व्हतं. तरास न्हाई झाला फार." ती म्हनली, "हं." मी म्हनले, "तुला किती लेकरं?" "एक मुलगा. शाळेत गेलाय."

मंग तिनं इचारलं. माझ्याकडं न बघता, जाळ्याकडं बघत.

"आबांनी माझं नाव काढलं का गं? शेवटी तरी?"

शेफे, व्हय म्हनायला काय लागत व्हतं? व्हय, काढलं. हेमीला सांगा म्हनले. पन व्हय म्हनलं की तिचा पुढचा सवाल मला दिसत व्हता. "कधी म्हणाले?" दोन दिस आदी. "मग तू काय केलंस?" पेज भरवली. मला त्या सवालाची येवढी भीती वाटली, की मी मेलेल्या मानसाचा शब्द गिळला.

"न्हाई," मी म्हनले.

तिनं मान हलवली. थोडी हसली सुदिक. "शब्दाचा पक्का माणूस." येवढंच म्हनली. आन मंग उठली. "ऐकल्यावर आंघोळ करायची असते ना? करते."

"आगं, हितं? घरी जाऊन कर."

"घरी नको. ऐकलं तिथंच करायची."

दगडांवरनं उतरली, चपला काढल्या आन कापडासकट पान्यात शिरली. कमरंपातूर. जलपर्णी हातानं बाजूला सारली आन बुडी मारली. एक, दोन, तीन. जाळ्यावरची मानसं दोर धरून बघत ऱ्हायली. ज्या बापानं हिच्या नावानं हिच्या देखत बादली वतून घेतली, त्येच्या नावानं ही आंघोळ करत व्हती. आन तिला वाटत व्हतं बापानं मरताना बी तिला आठवलं न्हाई. असं वाटूनसुदिक करत व्हती. मला वरडावंसं वाटलं, हेमे, थांब, मी खोटं बोलले. तोंड उघडलं पन. मागनं द्वारकाचा आवाज आला.

"सोजरआक्का, कोन गं ती पान्यात?"

हेमा वर आली. केसांतनं पानी गळत व्हतं. द्वारकाच्या हातात काजूच्या पिशव्या. तिनं हेमाला खालपास्नं वरपातूर बघितलं आन वळखलं. लोनीत काय लपून ऱ्हातं?

"सर्जेरावांची पोर ना तू?"

"हो, मावशी."

द्वारका येरवी येवढी तोंडाळ, पन तिनं गुमान पिशव्या खाली ठिवल्या. मी घाईनं पिशवीतनं नारळ काढला. म्हनले, "द्वारके, तू सवाशीन हायेस. लेकीची वटी भर. नऊ वर्सांची ऱ्हायलीय."

द्वारकानं नारळाला हात लावला आन काढून घेतला. हळूच म्हनली, "आत्ता बापाची आंघोळ केली ना तिनं? लेकीला तीन दिस सुतक. वटी कशी भरायची, आक्का?"

खरं व्हतं. सात म्हैन्यांमागं सांगावा धाडला असता तर त्ये तीन दिस कवाच सरले असते. माझाच उशीर माझ्या आडवा आला.

हेमा म्हनली, "राहू दे, आई. पुढच्या वेळी." आन मला मिठी मारली. माझ्या खांद्याचं लुगडं वलं झालं. लहानपनी तिच्या अंगाला दुधाचा वास यायचा, तवा खाऱ्या पान्याचा आला. गाईड टाळ्या वाजवायला लागला. दोन वाजले व्हते.

बसमधी बद्रीनं माझा वला खांदा बघितला. "काय झालं गं?" द्वारका पटदिशी म्हनली, "लाट आली अंगावर. तुझ्या आईला म्हनलं व्हतं, लांब बस." बद्रीला ताडी चढलेली, त्यो टोपी तोंडावर घेऊन झोपला. तिथं लाटबिट कायबी नव्हती.

नारळ मुंढव्याला माघारी आला. मी त्यो फोडला न्हाई. वाळून आत खुळखुळायला लागला तवा नदीत सोडला. खनाचं कापड अजून पेटीत हाय.

पुढची येळ आली न्हाई. दिवाळीला, तुझ्या वाढदिवसाला तिचा फोन येतो. पयल्या वर्सी मी म्हनले, "ये की गं." ती म्हनली, "आई, आबांनी माझ्यावर पाणी सोडलेलं घर ते. त्यांनी बोलवलं असतं तर आले असते." त्येंनी बोलवलंय पोरी, त्येंनी बोलवलंय, असं आत चालू आन तोंडानं म्हनले, "बरं, जप."

तुझा बाप आता मऊ झालाय. परवा स्वोताहून म्हनला, "ताईच्या पोराचं लग्न ठरलं म्हणे." म्हंजे त्येचं दार उघडं हाय. बंद काय ऱ्हायलंय त्ये माझंच तोंड. माझे डोळे गेले, गुडघे गेले, किती दिस हायेत ठाऊक न्हाई. मी पन सांगन्याआदी गेले तर मालकांचा शब्द माझ्यासंगं जळंल.

तर लिही. हेमा, तुझं आबा नवव्या दिशी दुपारी पेजंचा चमचा बाजूला सारून म्हनले, "हेमीला सांगा. म्हनावं ये." पयल्यासारखं हेमी म्हनले. त्ये फकस्त मी ऐकलं आन मी तुला सांगितलं न्हाई. आदी भ्याले म्हनून, आन मंग कोचीला तू इचारलंस तवा माझी लाज झाकायला. बापानं तुला बोलवलं व्हतं. तू पान्यात उतरलीस तवा त्यो तुझ्यावर रुसलेला नव्हता.

वाच बघू एकदा. "हेमीला सांगा" बराबर लिहिलंस ना? हेमाला न्हाई, हेमीला.

मंग धाड आता. आन त्यो फोन हितं माझ्या उशापाशी ठेव.